नोटा मोजाव्यात, नोट्स काढाव्यात

मराठीत ‘नोट’ या शब्दाची अनेकवचने दोन आहेत. खिशात असतात त्या नोटा, वहीत असतात त्या नोट्स. बँकेतला रोखपाल ‘नोट्स मोजून घ्या’ म्हणत नाही. आणि परीक्षेच्या तोंडावर एखाद्याने मैत्रिणीला ‘तुझ्या नोटा दे, झेरॉक्स काढून संध्याकाळी परत करतो’ असा निरोप धाडला, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाईल. इंग्रजीत दोन्हींचे रूप एकच. फरक ओळखायचा तो ऐकणाऱ्याने. मराठीने तो फरक व्याकरणातच करून ठेवला.

असे का झाले असावे? १८६१च्या कायद्याने कागदी चलन काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि सरकारी नोट हिंदुस्थानात फिरू लागली. सावकाराच्या पेटीतून ती हळूहळू शेतकऱ्याच्या, हमालाच्या, भाजीवालीच्या हातात आली. ज्यांचा इंग्रजीशी काही संबंध नव्हता त्यांच्या तोंडी शब्द रुळला आणि वाट-वाटा, वीट-विटा या चालीवर नोट-नोटा झाला. वहीतल्या नोट्स आल्या कॉलेजात. त्या इंग्रजी शिकलेल्यांच्याच तोंडी राहिल्या, म्हणून त्यांच्या शेवटचा ‘स’ अजून सुटलेला नाही. एक अनेकवचन बाजाराने घडवले, दुसरे कॉलेजने. २०१३पासून मतदानयंत्रावर तिसरा ‘नोटा’ आला. तो या घराण्यातला नव्हे. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनला आहे. तरी निवडणुकीच्या हंगामात ‘यंदा नोटा चालणार’ असे कोणी म्हणाले, की कोणता किंवा कोणत्या, हे विचारून घ्यावे लागते.

इतका रोजचा शब्द, पण इंग्रजी शिकणाऱ्याला तो चांगलाच गुंगारा देतो. चिनी भाषिकाची तर मोठी पंचाईत होते. वर्गात उतरवून घेतलेली ती त्याच्याकडे ‘बीजी’, टेबलावर ठेवून गेलेली चिठ्ठी ‘बियेनथियाओ’, स्वराचे लिखित चिन्ह ‘यिनफू’, ग्रंथातली टीप ‘जू’ आणि पैशाची ती ‘छाओफियाओ’. पाच गोष्टी, पाच शब्द. इंग्रजी त्याला सांगते, की बाबा रे, ही सगळी एकाच नावाची माणसे आहेत. शिक्षक मग यादी देतात: पहिला अर्थ, दुसरा अर्थ, तिसरा अर्थ. यादी पाठ होते, शब्द मात्र हाती लागत नाही. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलांनाही हा अनुभव नवा नाही.

शब्दाचा रस घ्यायचा तर तो जिथे राबतो तिथे जावे. ‘नोट’च्या बाबतीत त्यासाठी नाशिकइतके सोयीचे गाव नाही. या शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ या एका शहरात नोकरीला आहेत. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ आहे, पंचवटीत स्वरलिपीचा एक कर्ता राहून गेला, कलेक्टर कचेरीत नोट सादर होते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून क्रेडिट नोट निघते, आणि वायनरीत चक्क नोट हुंगतात.

मुळाकडून सुरुवात करू. लॅटिनमधला ‘नोता’ म्हणजे खूण. साधी, ओढलेली, उमटवलेली खूण. रोममध्ये नागरिकांच्या याद्या तपासणारा अधिकारी एखाद्याच्या गैरवर्तनाबद्दल त्याच्या नावापुढे अशी खूण करी, आणि ती त्या माणसाची बेअब्रू असे. आज इंग्रजीत त्याच मुळापासून निघालेले विशेषण लावले की माणूस नामांकित होतो. खूण तीच, नावापुढचीच. काळाने तिचा रोख उलटा फिरवला. सिसेरोचा लेखनिक टायरो याने भाषणे भराभर उतरवून घेण्यासाठी खुणांची एक लिपी बसवली, तिलाही हाच शब्द होता. अशा खुणांनी लिहिणारा तो ‘नोटारिउस’. नाशिकच्या कोर्टाच्या आवारात शिक्के घेऊन बसलेले नोटरी त्याच्याच वंशातले.

खूण कशासाठी करतात? जी गोष्ट समोर नाही, किंवा थोड्या वेळाने समोर नसेल, तिच्या जागी काहीतरी उरावे म्हणून. बोलणारा थांबला, त्याचे बोलणे उरावे. गाणारा गेला, गाणे उरावे. पैसे तिजोरीत आहेत, त्यांची ओळख हातात असावी. ‘नोट’चे सारे अर्थ या एका गरजेतून फुटलेले आहेत, आणि एकेक तपासू लागलो की प्रत्येक ठिकाणी कोणीतरी गैरहजर सापडतो.

आधी नाशिकरोड. इथे ‘प्रेस’ म्हटले की कोणाला वर्तमानपत्र आठवत नाही. ‘वडील प्रेसमध्ये होते’ याचा अर्थ ते नोटा किंवा तिकिटे छापत होते. पूर्वी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडात छापून बोटीने येत. १९२८पासून त्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापू लागले आणि १९३२पर्यंत सगळ्या किमतीच्या नोटांची छपाई इथे आली. आज करन्सी नोट प्रेस आणि इंडिया सिक्युरिटी प्रेस अशी दोन वेगळी आवारे आहेत. पहिल्यात नोटा, दुसऱ्यात टपालाची तिकिटे, रेव्हेन्यू तिकिटे, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट. म्हणजे उसनवारीच्या कागदावर आपण जे रेव्हेन्यू तिकीट चिकटवतो आणि त्यावर आडवी सही ठोकतो, तेही इथलेच.

शंभराची नोट हातात घेऊन एखादी कविता वाचावी तशी वाचू. ती नाशिकरोडलाच छापली असेल असे नाही. देवास, म्हैसूर आणि सालबोनी इथेही छापखाने आहेत. सध्याची शंभराची नोट फिक्या जांभळ्या रंगाची, मागे गुजरातेतल्या पाटणची राणीची वाव. आपण ती पाहतो रंगाने, वाचत कधीच नाही. वाचली तर पहिला धक्का असा, की हा कागद प्रथमपुरुषी बोलतो. ‘मैं’ या शब्दाने वाक्य सुरू होते आणि धारकाला इतके रुपये अदा करण्याचे वचन ‘देता हूँ’ असे संपते. खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. हे वाक्य पुल्लिंगी आहे, कारण आजवर त्या खुर्चीवर बाई बसलेली नाही. बसेल तेव्हा एका मात्रेचा प्रश्न उभा राहील. आणि ‘धारक’ कोण? नाव नाही, गाव नाही. ज्याच्या हातात कागद, त्याला वचन. इतके सरसकट वचन आपण नातेवाइकांनाही देत नाही.

या सहीच्या जागेला मराठी माणसाचेही नाव लागले आहे. चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या काळातल्या नोटांवर चित्र सहाव्या जॉर्जचे, छपाई नाशिकरोडची आणि वचन रायगडच्या परिसरात जन्मलेल्या, संस्कृतात रमणाऱ्या देशमुखांचे. राज्य कोणाचे आणि शब्द कोणाचा, हे एका कागदावर इतके वेगळे क्वचितच दिसले असेल.

नोट उलटी करा. एका बाजूला भाषांची उभी पट्टी आहे. पंधरा भाषा, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. आसामी पहिली, उर्दू शेवटची आणि मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यावर. दोन ओळी वर कोकणी. कोकणीत ‘शंबर रुपया’, मराठीत ‘शंभर रुपये’, मध्ये मल्याळम. एका भ-काराचा आणि एका मात्रेचा फरक, पण दोन भाषा आपापल्या उच्चाराला धरून बसल्या आहेत. पुढे नेपाळी ‘एक सय’ म्हणते, संस्कृत ‘शतं’. रक्कम एकच, आणि ती म्हणण्याच्या तऱ्हा एवढ्या. आपल्या घरात यापेक्षा जास्त भाषांचे दुसरे पान नसेल, आणि ते आपण घडी करून पाकिटात कोंबतो.

आता डोळे मिटून नोट वाचा. गांधीजींच्या चित्रावर बोट फिरवले की रेघा किंचित उठून लागतात. ती खोदीव छपाई: साच्यात कोरलेल्या रेघांत शाई भरून कागद दाबला की शाईचा उंचवटा कागदावर बसतो. दोन्ही कडांना चार-चार तिरप्या उठावाच्या रेघा आणि एक त्रिकोण आहे. पाचशेच्या नोटेवर पाच रेघा आणि वर्तुळ. अंधांना किंमत ओळखता यावी म्हणून ही सोय. लॅटिनमधली ती आदिम खूण शब्दशः इथे परत भेटते: अक्षर नाही, अंक नाही, नुसता हाताला लागणारा उठाव.

कधी क्रमांकात एक चांदणी दिसते, आद्याक्षरे आणि आकडा यांच्या मधोमध. अशी नोट पाहून लोक बिचकतात. घाबरण्याचे कारण नाही. छपाईत एखादी नोट बिघडली की तिच्या क्रमांकाची दुसरी छापत बसण्याऐवजी चांदणीच्या मालिकेतली नोट त्या पुडक्यात घालतात. २००६पासून ही पद्धत आहे. पुस्तकात चांदणी दिसली की आपण पानाच्या तळाशी टीप शोधतो. इथे चांदणीच टीप आहे: ‘मूळ नोट बिघडली, तिच्याऐवजी ही.’ नोटेवर नोट लिहिण्याचा इतका नेटका नमुना सापडायचा नाही.

आणि एक रुपयाची नोट? ती काढते भारत सरकार, सही असते वित्त सचिवांची, आणि तिच्यावर वचन नसतेच. कायद्याच्या लेखी ती नाणे आहे. म्हणजे जिला आपण डोळे झाकून नोट म्हणतो, तिच्यात नोटेचा प्राणच नाही. ती कोणाऐवजी उभी नाही, स्वतःच रुपया आहे. उलट जिच्यात वचन आहे तिचे काय होते, हे ८ नोव्हेंबर २०१६नंतर सगळ्यांनी पाहिले. पाचशे-हजाराच्या नोटा रात्रीतून चालेनाशा झाल्या आणि नाशिकरोडचे कामगार नव्या पाचशेच्या छपाईला रात्रंदिवस जुंपले गेले. पुढे २०१७च्या कायद्याने जुन्या नोटांवरचे रिझर्व्ह बँकेचे दायित्वच संपवले. कागद तोच, चित्र तेच, सही तीच, वाक्यही तसेच. फक्त बोलणाऱ्याने शब्द मागे घेतला. नोट म्हणजे कागद नव्हे, हे समजावून सांगायला याहून चोख उदाहरण कोणत्याही व्याकरणकाराला मिळणार नाही.

कायद्याला हे सगळे आधीपासून ठाऊक होते. १८८१च्या कायद्यात वचनचिठ्ठीची व्याख्या आहे: लेखी हवी, सही हवी, बिनशर्त हवी. आणि त्याच व्याख्येत कंसात बजावले आहे, की बँकेची किंवा चलनाची नोट यात धरू नये. ज्या वाक्याने नोट बोलते ते वाक्य वचनचिठ्ठीचे. तरी कायदा दोघींची गाठ पडू देत नाही. थोरल्या बहिणीला धाकटीच्या पंक्तीला बसवले तर व्यवहार अवघड होईल.

मराठीला ही कल्पना इंग्रजांनी आणून दिली असे मात्र नाही. आपल्याकडे हुंडी होती; दाखवताच पैसे मोजायचे ती दर्शनी, मुदतीनंतरची ती मुदती. आणि ‘रोखा’ होता. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात कागदाचा तुकडा, चिठ्ठी. पेशवाईतल्या कागदपत्रांत रोखा म्हणजे पत्रही असते आणि पैशाची लेखी हमीही. आज त्याची चिठ्ठी गळून पडली, पैसा तेवढा उरला: कर्जरोखे, सरकारी रोखे, रोखे बाजार. म्हणजे चिठ्ठी आणि पैसा यांचा संसार एका शब्दात मांडण्याची कला आपल्याला जुनीच अवगत आहे. ‘नोट’ आली तेव्हा तिला रोख्याची रिकामी खोली मिळाली.

नाशिकरोडवरून कलेक्टर कचेरीत आलो की नोटेचा नूर पालटतो. इथली नोट म्हणजे टिपणी. फाइलमध्ये उजवीकडे पत्रव्यवहार, डावीकडे नोटशीट, अशी साधारण मांडणी. कारकून ‘नोट टाकतो’, नोट ‘वर जाते’, साहेब तिच्यावर शेरा मारतात, ‘चर्चा करावी’ असे लिहून ती ‘खाली येते’. ‘मान्यतेस्तव सादर’ या दोन शब्दांत लिहिणारा स्वतःला किती शिताफीने पुसून टाकतो ते पाहण्यासारखे असते. पैशाच्या नोटेत ‘मी’ ठळक आहे, कचेरीच्या नोटेत ‘मी’ कुठेच नाही. कोणी ठरवले, कधी ठरवले, हे पुढे विचारले गेले तर सांगणारा बदली होऊन गेलेला असतो, नोट बोलते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली क्रेडिट नोट आणखी वेगळी. परत केलेल्या मालाचे पैसे तिने मिळतात, पण हातात पडत नाहीत. पुढच्या बिलातून वजा होतात. नाव नोटेचे, पण चहाच्या टपरीवर ती दाखवून भागायचे नाही.

विद्यार्थ्यांची नोट पाहायची तर गंगापूर धरणाकडे जावे. तिथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेले. शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात असलेली माणसे इथे नावे घालतात. रोजचा वर्ग नाही, रोज फळ्यापाशी उभे राहणारे सर नाहीत. शिक्षकाऐवजी छापील पुस्तिका घरी येते आणि ती शिक्षकासारखी बोलेल अशा बेताने लिहिलेली असते. नोट्सचे तत्त्व याहून वेगळे नाही. सर बोलून जातात, नोट्स उरतात. ज्याने तास बुडवला त्याचा सगळा भार दुसऱ्याच्या नोट्सवर. म्हणूनच नोट्स ‘काढतात’. मराठीत पाणी काढतात, धार काढतात, चित्र काढतात. ज्यातून काढायचे त्यात आधी ते असावे लागते. नुसते उतरवून घेणे आणि नोट्स काढणे यांत हा भेद आहे, आणि तो इंग्रजीच्या क्रियापदात नाही.

तरी परीक्षेच्या कागदावर नोट्स नसतात. तिथे असते ‘टिपा लिहा (कोणत्याही दोन)’. इथे ‘टीप’ या आपल्या शब्दाकडे नीट पाहिले तर गंमत वाटते. पानाखाली टीप असते. पोलिसांना खबऱ्या टीप देतो. शिंपी टीप मारतो. आणि गाणारा टिपेला जातो. शेजारचे क्रियापद ‘टिपणे’ तर त्याहून चपळ: चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, आई डोळे टिपते, छायाचित्रकार क्षण टिपतो, शिकारी सावज टिपतो. लेखन आणि गाण्याचा वरचा स्वर, इंग्रजीने ज्या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या, त्याच दोन मराठीनेही एका शब्दात बांधल्या. एकीने दुसरीचे पाहून नव्हे, आपापल्या वाटेने.

गाण्याचा धागा पकडून पंचवटीत येऊ. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरकाळात नाशिकला राहिले. रामनाम आधार आश्रम त्यांनी इथे चालवला. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या या माणसाची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली, आणि पुढे त्याच माणसाने गाणे डोळ्यांनी वाचता यावे म्हणून स्वरलेखनाची पद्धत बसवली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा त्यांना घराण्याच्या बंद खोलीतली विद्या वर्गात आणायची होती. गुरूच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षे बसणे ज्याला जमणार नाही, त्याला पुस्तक हवे. पुस्तकाला खुणा हव्यात. भातखंड्यांची पद्धत सोपी म्हणून जास्त फैलावली, हे खरे. पण दोघा मराठी पंडितांचा खटाटोप एकच होता: गुरू गैरहजर असताना बंदिशीने उपस्थित राहावे.

हे ‘नोटेशन’ आले तरी ‘नोट’ गाण्यात पुरती शिरली नाही. ऑर्केस्ट्रातला गायक ‘वरची नोट’ घेतो, पण बैठकीत ‘आज गंधार काय लागलाय!’ असेच उद्गार निघतात. स्वर लागतो, तसा दिवा लागतो, ओढ लागते, समाधी लागते. तो लागेलच याची हमी नाही. म्हणून तर लागला की दाद. नोट वाजते किंवा घेतली जाते. पेटीची पट्टी दाबली की ती यायलाच हवी. लिहिलेली खूण गंधार कुठे आहे ते सांगते. षड्जावरून त्याच्याकडे जाताना गळ्याने मधल्या जागा कशा ओलांडल्या, कुठे रेंगाळला, ते तिच्यात अर्धेच मावते. खुणेची हद्द इथे दिसते, आणि मराठी कानाने ती बरोबर ओळखून दोन शब्द राखले.

इंग्रजीतली ही सांगीतिक नोट पुढे बोलण्यातही शिरते: कोणाच्या पत्रात कडवटपणाची नोट, भाषणात इशाऱ्याची नोट. चिनी असो की मराठी, विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. चिठ्ठी कुठे आहे म्हणून पाकिटात पाहतो. खरे तर मराठी वाचकाला हा अर्थ सर्वांत सोपा जायला हवा. ‘बैठकीत नाराजीचा सूर उमटला’ हे वाक्य रोज कोणत्या ना कोणत्या वर्तमानपत्रात असते. बैठकीत कोणी गात नव्हते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

शेवटचा मुक्काम पुन्हा गंगापूर धरणाच्याच बाजूला. १९९९ साली सुला वाइनयार्ड्सने इथे काम सुरू केले आणि टेबलावर खायच्या द्राक्षांच्या या जिल्ह्यात शेनिन ब्लाँ, सोव्हिनियाँ ब्लाँ ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आली. चव घेण्याच्या दालनात पेला फिरवतात, नाक आत घालतात आणि म्हणतात, ‘पेरूची नोट आहे, मागे थोडी ढोबळी मिरची.’ त्या पेल्यात पेरू नाही आणि मिरचीही नाही. द्राक्षाशिवाय दुसरे फळ त्याच्या वाऱ्यालाही गेलेले नाही. ढोबळ्या मिरचीला जो वास पायराझीन वर्गातल्या रेणूंमुळे येतो, तसलेच रेणू सोव्हिनियाँ जातीच्या द्राक्षात असतात; नाक मिरची ओळखते ते म्हणून. खूण आहे, मालक हजर नाही. हा अर्थ सुगंधाच्या धंद्यातून आला. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या पीस नावाच्या अत्तरकाराने सगळे गंध संगीताच्या सप्तकांवर मांडून दाखवले होते. अत्तराची पहिली नोट, मधली नोट, तळाची नोट ही बोली त्याच विचाराची. कागद आणि कान यांच्या मागोमाग शब्द नाकापर्यंत पोहोचला. आणि चव घेणारा जे वहीत लिहितो तीही टेस्टिंग नोटच. वासही नोट, वासाची नोंदही नोट. मराठी बागाइतदार मात्र ‘झाक’ म्हणतो. पिवळ्यावर हिरवी झाक, आवाजात दुःखाची झाक, तशी वासात पेरूची झाक. डोळ्याचा शब्द त्याने नाकाला दिला आणि काम भागवले.

आता त्या चिनी विद्यार्थ्याकडे वळू. त्याच्या भाषेत पाच वेगळे शब्द आहेत म्हणून त्याची कीव करण्याचे कारण नाही. कागदी पैसा जगात पहिल्यांदा त्याच्याच देशात चालला. सिचुआन प्रांतात लोखंडी नाणी होती, आणि थोड्याशा खरेदीलाही ओझे वाहावे लागे. चेंगदूच्या व्यापाऱ्यांनी नाणी ठेवून घेऊन त्यांच्या कागदी पावत्या द्यायला सुरुवात केली. त्यांना ‘जियाओझी’ म्हणत. १०२४च्या सुमारास सोंग राजवटीने ते काम आपल्याकडे घेतले. आणि चिनी नोटेच्या नावातले ‘छाओ’ हे अक्षर पूर्वी नक्कल करून घेणे, उतरवून घेणे या अर्थी वापरत; निवडक कवितांच्या जुन्या संग्रहांच्या नावांत ते त्या अर्थाने अजून दिसते. म्हणजे उतरवून घेतलेला मजकूर आणि कागदी पैसा यांची गाठ चिनी लिपीतही एका अक्षरात बसलेली आहे. लॅटिन खुणेने जो प्रवास केला, रोख्याने जो केला, तोच ‘छाओ’ने. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता हे केले असेल, तर ‘नोट’च्या अर्थांची यादी ही इंग्रजीची लहर नव्हे. माणसांना गैरहजेरीची सोय लावावी लागते, तिचा तो हिशेब आहे.

म्हणून शिकणाऱ्याने नोट या शब्दाकडे न पाहता तिच्या शेजारच्या क्रियापदाकडे पाहावे. मराठीत नोटा मोजतात, मोडतात, वाजवून पाहत नाहीत पण उजेडात धरून पाहतात. नोट्स काढतात, मागतात, वेळेवर परत करत नाहीत. नोट टाकतात, सादर करतात, फिरवतात. नोंद घेतात. टीप देतात, टिपेला जातात. इंग्रजीतही तसेच: जी ‘घेतात’ ती वहीतली, जी ‘ठेवून जातात’ ती चिठ्ठी, जी ‘छेडतात’ ती सुरातली, जी ‘मोडून घेतात’ ती खिशातली. क्रियापद ओळखले की अर्थ आपोआप ओळखू येतो, आणि मग यादी पाठ करण्याची गरज उरत नाही. शब्दकोश अर्थांना क्रमांक देतो तो छापण्याच्या सोयीसाठी. बोलणारा क्रमांक लक्षात ठेवून बोलत नाही. नाशिकरोडचा प्रेस कामगार मुलाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नोट्स झाल्या का रे वाचून?’ असे विचारतो, तेव्हा दिवसभर हाताखालून गेलेल्या नोटा त्याच्या वाक्याच्या आसपासही फिरकत नाहीत.